ग्लूमित्सा

एका माणसाला अंधाऱ्या खोपटात पलंगाला जखडून ठेवलंय. त्याला कुणी दिसत नाही, फक्त एका बाईचा आवाज येतो. ‘अ‍ॅलेक्स कुठे आहे?’ तो म्हणतो, मला माहीत नाही. मग तोच प्रश्न दुसऱ्या भाषेत. मग तिसऱ्या. थोड्या वेळाने ती उजेडात येते: विस्कटलेले केस, उन्हाने रापलेला चेहरा, हातात बंदूक. या बेटावर ती सोळा वर्षं एकटी राहिलेली आहे. पुढे ती त्या माणसाला एक बिघडलेली संगीतपेटी दाखवते, किल्ली दिली की वाजते ना, तसली. इतक्या वर्षांत तिच्या सोबतीला तेवढीच. तो ती दुरुस्त करून देतो. पेटी वाजायला लागते आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहून मी लॅपटॉप थांबवला होता.

‘लॉस्ट’ मालिकेच्या पहिल्या पर्वातला हा नववा भाग. 2008 च्या सुमारास, पुण्यात सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत, मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवरून आम्ही रात्र रात्र जागून ही मालिका बघायचो. गोष्टीतली ती बाई फ्रेंच शास्त्रज्ञ, डॅनिएल रूसो. पण तिच्या इंग्रजीला जो हेल होता, तो मी आधी कुठेतरी ऐकलेला होता. भाग संपल्यावर नावं येतात ती मी थांबवून थांबवून वाचली. मीरा फुर्लान.

‘मीरा? आपल्याकडची आहे का गं?’ मैत्रिणीने विचारलं.

आपल्याकडची नव्हती. झाग्रेबची होती, क्रोएशियातली. सर्बिया, बोस्नियासारखाच क्रोएशियाही 1991 पर्यंत युगोस्लाव्हिया या एकाच देशाचा भाग होता. तिच्या भाषेत ‘मीर’ म्हणजे शांतता. आणि तिला मी खरंच आधी पाहिलेलं होतं, तीनेक वर्षांपूर्वी, एका फिल्म क्लबच्या खेळात. एमिर कुस्तुरित्साचा ‘व्हेन फादर वॉज अवे ऑन बिझनेस’. 1985 मध्ये कानच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला हा युगोस्लाव्ह चित्रपट. काळ 1950 च्या आसपासचा, युगोस्लाव्हियाचे सर्वेसर्वा टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं त्या वेळचा. मेशा नावाचा गृहस्थ आगगाडीत आपल्या मैत्रिणीबरोबर बसलेला असतो. वर्तमानपत्रात एक व्यंगचित्र आलेलं असतं: मार्क्स टेबलाशी लिहीत बसलाय आणि त्याच्यामागे भिंतीवर तसबीर स्टालिनची. मेशा सहज बोलून जातो की हे जरा जास्तच झालं. तेवढंच वाक्य. मैत्रीण दुखावलेली असते, ते वाक्य भलत्या कानांवर जातं आणि मेशा सक्तमजुरीच्या छावणीत पोचतो. धाकट्या मुलाला घरी सांगतात, बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. ती मैत्रीण म्हणजे अंकित्सा. मीरा फुर्लान तेव्हा तिशीलाही पोचली नव्हती. अंकित्सा नुसती खलनायिका करून सोडता आली असती, तिने तसं होऊ दिलं नाही. तिचा राग खरा वाटतो, आणि आपल्या हातून काय झालं हे कळल्यावरची तिची मोडतोडही.

त्या रात्रीपासून ही बाई माझ्या मनात ठाण मांडून बसली. का, ते सांगायचं तर थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल.

मी अकोल्याकडची. आमच्या घरी ‘पानी’ पितात. ‘कोनी’ आलं की दार उघडतात. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा मला नाटकाचं वेड होतं आणि आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी माझी निवडही झाली. मुख्य भूमिका. तीन आठवडे तालमी झाल्या. मग एका संध्याकाळी दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर मला थांबवलं, ‘बाणा’ हा शब्द पाच वेळा म्हणायला लावला आणि पाचव्या वेळेनंतर म्हणाला, तू प्रॉपर्टी सांभाळ. माझी भूमिका दुसऱ्या मुलीने केली. मी विंगेत उभी राहून तिला प्यालेबशा देत होते आणि तिचं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते. त्यानंतर मी ‘ण’ शिकले. आज माझा ‘ण’ इतका पक्का आहे की सुट्टीत घरी गेले की आई म्हणते, तू परक्यासारखी बोलतेस. स्टेजवर मात्र परत कधी गेले नाही.

हा फार लहान घाव आहे, मला ठाऊक आहे. पण नटाची जीभ म्हणजे काय, ती कुणी त्याच्यापासून सोडवली तर हातात काय उरतं, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला, आणि त्याचं सगळ्यात मोठं, सगळ्यात दुखरं उत्तर मला मीरा फुर्लानच्या आयुष्यात दिसलं.

तिचा जन्म 7 सप्टेंबर 1955 चा. घर प्राध्यापकांचं. झाग्रेबच्या नाट्य अकादमीतून ती शिकून बाहेर पडली आणि क्रोएशियन राष्ट्रीय नाट्यगृहाच्या नटसंचात दाखल झाली. या नाट्यगृहाची इमारत पिवळ्या रंगाची, 1895 सालची, ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ योझेफ याच्या हस्ते उद्घाटन झालेली. दारासमोर इवान मेश्ट्रोविचचं शिल्प आहे, ‘जीवनाची विहीर’: एका कुंडाभोवती वाकलेली, एकमेकांना बिलगलेली माणसं. आपल्याकडे नटाला प्रयोगाची नाइट मिळते. प्रयोग नाही तर नाइट नाही. तिथे तसं नव्हतं. नट हा त्या घराचा पगारी माणूस, वर्षानुवर्षं त्याच मंचावर आज शास्त्रीय नाटकात, उद्या नव्या लेखकाच्या नाटकात. त्यामुळे नाट्यगृह हे खरोखरच घर असायचं. ते सुटलं तर काय होईल, हे त्यावरून समजावं.

ती झपाट्याने मोठी झाली. दूरदर्शन मालिका, चित्रपट, मधेच एका रॉक वाद्यवृंदाबरोबर गाण्यांची तबकडीसुद्धा. 1986 मध्ये झिव्को निकोलिचच्या ‘लेपोता पोरोका’ या चित्रपटात तिने माँटेनेग्रोच्या डोंगरातली याग्लिका केली. डोक्यावर पदर घेणारी, नवऱ्यापुढे मान वर न करणारी ही बाई समुद्रकाठच्या एका नग्नतावाद्यांच्या वसाहतीत कामाला लागते. विषय असा की पडद्यावर सहज सवंग झाला असता. त्या वर्षी पुला शहरातल्या चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी तिला ‘सुवर्ण अरीना’ हा पुरस्कार मिळाला. पुलाचा महोत्सव भरतो तो पहिल्या शतकातल्या रोमन रंगमंडलात, दगडी कमानींच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली. एका देशाची नटी म्हणून यापेक्षा वर चढायला जागा नव्हती. आणि तो देश पाच वर्षांत नाहीसा होणार होता.

1988 मध्ये तिने गोरान गायिचशी लग्न केलं. तो दिग्दर्शक, बेलग्रेडचा. ती क्रोएशियाची राजधानी झाग्रेबची, तो सर्बियाची राजधानी बेलग्रेडचा. दोन शहरांमध्ये चारशे किलोमीटर, आणि जो महामार्ग त्यांना जोडायचा त्याचं नावच ‘बंधुता आणि एकता’. ती दोन्हीकडे काम करायची. भाषा एकच होती, तिला सर्बो-क्रोएशियन म्हणत. फरक होते, पण आपल्याकडे नागपूर ते सावंतवाडी असतात त्याहून फार मोठे नव्हेत. झाग्रेबात पावाला ‘क्रुह’, बेलग्रेडात ‘ह्लेब’. इकडे आगगाडी ‘व्लाक’, तिकडे ‘वोझ’. नाट्यगृहालाही दोन शब्द: झाग्रेबचं ‘काझालिश्ते’, त्यात सांगणं आहे, बेलग्रेडचं ‘पोझोरिश्ते’, त्यात पाहणं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता! एकाच कलेला एका शहराने कानाच्या बाजूने हाक मारली, दुसऱ्याने डोळ्यांच्या. आणि नटीला मात्र दोन्हीकडे एकच शब्द. ग्लूमित्सा.

25 जून 1991 ला क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. उन्हाळ्यातच युद्ध पेटलं. ऑगस्टच्या शेवटी व्हुकोव्हार शहराला वेढा पडला, तो 87 दिवस चालला आणि नोव्हेंबरात शहर पडलं तेव्हा तिथे धड भिंत उभी नव्हती. ऑक्टोबरपासून दुब्रोव्हनिकवर तोफा सुरू झाल्या. झाग्रेबमध्ये भोंगे वाजायचे, माणसं तळघरांत उतरायची, 7 ऑक्टोबरला भर शहरात बाँब पडले. तोफा डागणाऱ्या सैन्याला हुकूम बेलग्रेडहून सुटत होते. हे सगळं आधी सांगायला हवं. झाग्रेबच्या लोकांचा संताप कुठून आला ते न सांगता मीराची बाजू मांडली तर ती खोटी होईल.

तर त्या दिवसांत मीरा बेलग्रेडमध्ये होती आणि तिथल्या बितेफ या आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवात काम करत होती. नाटक फ्रेंच नाटककार कोर्नेयचं, सतराव्या शतकातलं. एक बाप हरवलेल्या मुलाला शोधत जादूगाराकडे येतो. जादूगार त्याला मुलाचं आयुष्य दाखवतो, प्रेम, भांडणं आणि शेवटी डोळ्यांदेखत त्याचा खून. बाप कोसळतो. तेवढ्यात पडदा सरकतो आणि दिसतं की मेलेला मुलगा आणि त्याला मारणारे एका टेबलाभोवती बसून तिकीटविक्रीचे पैसे वाटून घेतायत. मुलगा नट झालेला असतो. तो मेला ते नाटकात. ज्या शरद ऋतूत व्हुकोव्हारची मुलं खरोखर मरत होती, त्या शरद ऋतूत हे नाटक.

झाग्रेबात एकच कल्लोळ झाला. वर्तमानपत्रांनी तिला गद्दार ठरवलं. घरच्या फोनला आन्सरिंग मशिन होतं. त्यावर अनोळखी माणसांनी शिव्या आणि धमक्या नोंदवून ठेवल्या होत्या, तिला कसं मारणार त्याच्या वर्णनासकट. ज्या नटीच्या आवाजावर शहराने जीव टाकला होता, तिला आता शहराचा आवाज असा ऐकावा लागला. नाट्यगृहाने तिला कामावरून काढलं. आणि या काळात तिच्या बाजूने उघडपणे उभे राहणारे सहकारी फार थोडे निघाले. दुसऱ्या बाजूला बेलग्रेडमध्ये तरी ती सुखात होती का? तिथे ती क्रोएट होती, आणि तिथलं राजकारणही तिला सोसवत नव्हतं.

नोव्हेंबर 1991 मध्ये तिने आपल्या नगरबांधवांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. ते दोन्हीकडे छापून आलं. मी ते इंग्रजीतून वाचलंय, बऱ्याचदा वाचलंय. त्यात ती रडत नाही आणि कुणाची क्षमाही मागत नाही. युद्ध हाच एक मार्ग आहे हे मला मान्य होत नाही, आणि द्वेष करायला मी माझ्या मनाला भाग पाडू शकत नाही, हा त्याचा गाभा. माणसामाणसांतले धागे तुटत असताना मला माझ्या कामातून एखादा तरी धागा राखायचा होता, असं ती सांगते. आणि मग निरोप घेते.

मी या पत्रावर मनातल्या मनात खूप वाद घातलाय. व्हुकोव्हारमध्ये ज्याचा भाऊ अडकलाय त्याला हे पत्र कसं वाटलं असेल? बेलग्रेडमध्ये टाळ्या मिळवणारी झाग्रेबची नटी, हे दृश्य त्याला सहन झालं नसेल, आणि त्याला चूक म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण त्या काळात ‘तू कुणाची?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं प्रत्येकाला सक्तीचं झालं होतं, आणि तिच्याकडे तो एक शब्द नव्हता. तिचा नवरा एका बाजूचा, आईवडील दुसऱ्या बाजूचे, आई त्यातही ज्यू. तिच्याजवळ होता तो ‘ग्लूमित्सा’ हा शब्द. तो कुणालाच पुरला नाही.

त्याच महिन्यात दोघं न्यूयॉर्कला गेले. वय छत्तीस. नटीच्या आयुष्यातली भर बहराची वर्षं, आणि ती अशा गावात जिथे तिला कुणी ओळखत नाही आणि जिथली भाषा तिने पुस्तकातून शिकलेली. इंग्रजी तिला उत्तम येत होतं, फ्रेंच आणि जर्मनही. पण येणं वेगळं. स्टेजवर शब्द उच्चारायच्या आधी तो पोटात तयार झालेला असावा लागतो.

मग तिला एक काम मिळालं, आणि ते कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं असं. ‘बॅबिलॉन 5’ ही अंतराळातली मालिका. पहिला चित्रपट 1993 चा, नंतर 1994 ते 1998 अशी पाच पर्वं, 110 भाग. लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की. एका अवकाशस्थानकावर निरनिराळ्या ग्रहांचे राजदूत एकत्र राहतात, मोठं युद्ध नुकतंच होऊन गेलंय आणि ते परत होऊ नये म्हणून हे स्थानक बांधलंय. मीरा झाली डेलेन, मिनबारी लोकांची राजदूत. डोक्याला मागून वेढणारं हाडाचं मुकुटासारखं कवच, अंगावर पायघोळ झगे. चेहरा रबराच्या मुखवट्याखाली गेला, उरले डोळे आणि आवाज. सुरुवातीला लेखकाच्या मनात होतं की हे पात्र आधी पुरुष असावं आणि नंतर स्त्री व्हावं, आवाजही यंत्राने बदलावा. तो बदललेला आवाज काही जमेना, म्हणून बेत सोडला आणि तिचा स्वतःचा आवाज ठेवला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत तिच्या हेलाला जागा मिळाली ती परग्रहावरच्या बाईच्या तोंडी, हे खरं. आणि त्याचं वाईटही वाटतं. पण तो हेल पुसून न टाकता तिने त्यालाच डेलेनचं वजन केलं. प्रत्येक इंग्रजी शब्द ती जरा थांबून, तोलून ठेवते. कारण त्या शब्दाने काय होऊ शकतं ते डेलेनला माहीत आहे.

आणि डेलेनला ते का माहीत आहे, ते चौथ्या पर्वात कळतं. तिचा गुरू तिच्या मांडीवर मरतो, माणसांच्या जहाजाने गैरसमजातून केलेल्या हल्ल्यात. युद्ध करायचं का यावर मिनबारींच्या मंडळात मतं अर्धी अर्धी पडतात. शेवटचं मत डेलेनचं. दुःखाने बेभान होऊन ती म्हणते, त्यांना संपवा, दया नको. त्या एका वाक्यापायी लाखो मरतात. मालिकेत आपल्याला भेटते ती त्या वाक्याचं प्रायश्चित्त करत जगणारी बाई. पहिल्या पर्वाच्या अखेरीस ती एका कोशात शिरते आणि बाहेर येते ती अर्धी माणूस, अर्धी मिनबारी होऊन. मग तिचे लोक तिला आपली मानत नाहीत, आणि माणसंही मानत नाहीत.

मीरा हे सगळं करत होती तेव्हा बोस्नियाच्या राजधानीला, सारायेवोला वेढा पडलेला होता, पुढे 1995 मध्ये स्रेब्रेनित्साचं हत्याकांड झालं. कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत रबरी कवच चढवून ती बाई युद्ध, जमात, सूड असे शब्द उच्चारत होती, आणि त्या शब्दांसाठी तिला काही कल्पना करावी लागत नव्हती. मालिका अंतराळाची, बजेट बेताचं, काही दृश्यं आज बघताना पुठ्ठ्याची वाटतात. तरी डेलेन बोलायला लागली की मी सावरून बसते. माझी आई एकदा सुट्टीत माझ्याकडे आली होती. तिला इंग्रजी येत नाही. मी बघत होते म्हणून तीही भाजी निवडता निवडता बघत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘या बाईले कोनं घराबाहेर काढलं का गं?’ मी काही सांगितलेलं नव्हतं.

मग ‘लॉस्ट’. 2004 पासून. परत परकी, परत सगळ्यांपासून तुटलेली, जंगलात एकटी, मुलगी हिरावलेली. हॉलिवूडने तिला दिलेल्या दोन्ही मोठ्या भूमिका अशा.

पण त्याच्या आधी, 2002 मध्ये, ती परत गेली होती. झाग्रेबच्या पिवळ्या इमारतीत नव्हे. एड्रियाटिक समुद्रात, पुलाच्या जवळ, ब्रियुनी बेटं आहेत. आपल्याला हे नाव अगदीच परकं नसावं: जुलै 1956 मध्ये टिटो, नेहरू आणि नासर इथेच भेटले होते, आणि इंदिरा गांधींनी टिटोंना भेट दिलेली सोनी आणि लंका ही हत्तींची जोडी इथल्याच उद्यानात वाढली. टिटोंचं हे उन्हाळी निवासस्थान. या बेटांवर राडे शेर्बेजिया या नटाने 2000 मध्ये ‘युलिसिस’ नावाचं नाट्यमंडळ उभं केलं. तोही तिच्यासारखाच: क्रोएशियात जन्मलेला सर्ब, झाग्रेबच्या रंगभूमीचा लाडका, युद्धात दोन्हीकडून दूर लोटला गेलेला, परदेशी चित्रपटांत खलनायकाच्या भूमिका करून जगलेला. प्रेक्षक फाझाना गावातून होडीने येतात आणि ऑस्ट्रो-हंगेरियन काळातल्या पडक्या किल्ल्यात, उघड्यावर, रात्री नाटक बघतात.

तिथे मीराने मेडिया केली. दिग्दर्शन लेन्का उदोविचकीचं. मेडिया म्हणजे ग्रीकांच्या गावात आणलेली परदेशी बाई, जिला आता गाव सोडून जायचा हुकूम झालाय. युरिपिडीसने ते नाटक अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलं. अकरा वर्षांनी आपल्या देशात, आपल्या भाषेत, आपल्या लोकांसमोर उभी राहिल्यावर हद्दपारीची ती वाक्यं तिच्या तोंडून कशी निघाली असतील! जगात मला एकच नाटकाचा प्रयोग बघायला मिळणार असेल तर मी तो मागेन. होडीतून आलेल्यांत 1991 मध्ये तिच्या फोनवर बोललेलं कुणी असेल का, हेही माझ्या मनात येऊन जातं.

2008 मध्ये गोरान मार्कोविचच्या ‘तुर्नेया’ या चित्रपटात ती पुन्हा दिसली. 1993 सालची गोष्ट. बेलग्रेडची एक नाटक मंडळी चार पैशांसाठी बोस्नियातल्या आघाडीवर दौऱ्याला निघते. कुठे चाललोय, कुणापुढे खेळणार, कुणाला काही नीट ठाऊक नाही. मीरा त्यातली सोन्या नावाची नटी. बसमधले धक्के, थंडी, एका सैन्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती पडणं, आणि प्रत्येक ठिकाणी बंदुकीपुढे सांगावं लागणं की आम्ही नट आहोत हो, फक्त नट. यात तिच्या अंगावर कवच नाही, हेल नाही, डोक्यावर परग्रह नाही. थकलेली, थोडी वय झालेली, आपल्या भाषेत भराभर बोलणारी बाई. तिचा आवाज या चित्रपटात इतका मोकळा आहे की मला तिचं इंग्रजीतलं सगळं थांबून थांबून बोलणं एकदम नव्याने ऐकू आलं. 2010 मध्ये तिच्या स्तंभलेखांचं पुस्तकही निघालं. ती लिहायची, खूप लिहायची, त्याच भाषेत.

20 जानेवारी 2021 रोजी लॉस एंजलिसमध्ये ती गेली. पासष्ट वर्षांची होती. डासातून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूच्या संसर्गातून गुंतागुंत झाली. जाण्याआधी तिने काही ओळी लिहून ठेवल्या होत्या, आकाशगंगा आज जवळ दिसतेय, मी तिथेच निघालेय, आणि मला भीती वाटत नाही, अशा अर्थाच्या. आपण सगळे ताऱ्यांच्याच मातीचे, हे डेलेनचं म्हणणं तिला त्यात आठवलं होतं. आत्मकथन त्याच वर्षी, तिच्यामागे प्रसिद्ध झालं.

बातमी वाचली तेव्हा लॉकडाउनपासून मी अकोल्यालाच होते, घरून काम करत. संध्याकाळी मी आईला ‘तुर्नेया’ लावून दाखवला. सबटायटल्स इंग्रजी, म्हणजे तिला उपयोगाची नव्हतीच, आणि मीही मधे काही सांगितलं नाही. सोन्या बसमध्ये बसून काहीतरी बडबडत होती. आई जराशी पुढे सरकली.

‘हे तेच बाई व्हय ना? ते, डोक्यावर हाडं असलेली?’

‘हो.’

‘आता कशी घरच्यासारखी बोलून राहिली,’ आई म्हणाली. आणि मग मला म्हणाली, ‘जा, पानी आन.’

‘आनते,’ मी म्हणाले.